फोर्स-ॲक्सिलरेशनची गणितं चुकतात कुठे? आकृतीपासून उत्तरापर्यंत एकेक पायरी

अकरावीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट परत परत दिसते, फॉर्म्युला बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर आणि उत्तर चूक. कारण सगळे सुरुवातच फॉर्म्युल्यापासून करतात, दिलेले आकडे बघायचे, ते कशात बसतात ते शोधायचं आणि टाकून मोकळं व्हायचं. नववीच्या गतीच्या तीन समीकरणांपर्यंत हे निभावून जातं, पण दोरी, पुली, उतार, घर्षण आलं की तिथेच गाडी अडते. या धड्यात फॉर्म्युला शेवटून दुसरा येतो, त्याच्या आधीचं काम जास्त आहे आणि मार्क तिथेच जातात. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा, सोप्या गणितातसुद्धा, म्हणजे अवघड गणितात हात आपोआप त्याच वळणाने जाईल.

हिशोब सोपा राहावा म्हणून मी सगळीकडे जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं ॲक्सिलरेशन, १० मी/से² घेतलाय. पेपरात ९.८ दिला असेल तर ९.८च घ्या.

१. पेन उचलायच्या आधी शब्द नीट करून घ्या

आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द इथे दगा देतात. आपण म्हणतो माझं वजन ६० किलो, पण ६० किलो हे मास, म्हणजे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला खाली ओढते तो फोर्स, ६० × १० = ६०० न्यूटन. समीकरणात एका बाजूला किलो आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन दिसले की समजायचं इथेच घोटाळा झालाय.

तसंच बल आणि शक्ती. बोलताना दोन्ही एकच, पुस्तकात बल म्हणजे फोर्स आणि शक्ती म्हणजे पॉवर. "बॉलमधली शक्ती संपली म्हणून तो खाली आला" हे वाक्य डोक्यात बसलेलं असेल तर वर जाणाऱ्या बॉलच्या आकृतीत वरच्या दिशेने एक बाण येणारच, आणि तो चूक आहे. हात सुटला की हाताचा फोर्स संपला. बॉल वर जात असतो तो त्याला आधीच मिळालेल्या वेगामुळे, वर जाताना, अगदी टोकाला आणि खाली येताना, हवा सोडली तर त्याच्यावर एकच फोर्स असतो, गुरुत्वाकर्षणाचा. टोकाला व्हेलॉसिटी शून्य होते, ॲक्सिलरेशन नाही. ते तिथेही १० च असतं आणि खालच्या दिशेने असतं.

मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांचं अजून एक दुखणं असतं, गणितातले काही इंग्रजी शब्द नुसती सजावट वाटतात, पण प्रत्येक शब्द एक डेटा असतो.

- स्मूथ म्हटलं की घर्षण शून्य, रफ म्हटलं की घर्षण धरायचं.
- लाइट स्ट्रिंग म्हणजे दोरीचं मास धरायचं नाही. पुली पण लाइट आणि स्मूथ असेल तर दोन्ही बाजूंना टेन्शन, म्हणजे दोरीची ओढ, सारखं.
- इनएक्स्टेन्सिबल म्हणजे दोरी ताणून लांब होत नाही, म्हणून एकाच पुलीवरून बांधलेल्या दोन्ही ब्लॉकचं ॲक्सिलरेशन आकड्याने एकच.
- युनिफॉर्म व्हेलॉसिटी म्हणजे ॲक्सिलरेशन शून्य, नेट फोर्स (सगळ्या फोर्सची दिशेसकट बेरीज) शून्य. रिमेन्स ॲट रेस्ट म्हणजेही तेच.
- रिलीज्ड फ्रॉम रेस्ट म्हणजे फक्त सुरुवातीची व्हेलॉसिटी शून्य. ॲक्सिलरेशन शून्य आहे असं इथे कुणीही म्हटलेलं नाही.

शेवटच्या दोघांत खूप जण फसतात.

२. युनिट आधी, बाकी नंतर

किलोमीटर प्रति तास दिसले की लगेच मीटर प्रति सेकंद करा, ५ ने गुणून १८ ने भागा. ७२ चे २० होतात, ३६ चे १०, ५४ चे १५. ग्रॅमचे किलो, सेंटिमीटरचे मीटर हे पण इथेच उरकून घ्या, "शेवटी करू" म्हणून ठेवलेलं युनिट शेवटी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

३. कोणाबद्दल बोलतोय ते ठरवा

ही पायरी वहीत दिसतच नाही आणि निम्मा गोंधळ इथेच असतो. न्यूटनचा दुसरा नियम (नेट फोर्स = मास × ॲक्सिलरेशन) कुठल्यातरी एका वस्तूसाठी लिहायचा असतो. टेबलावर ब्लॉक, त्याला दोरी, दोरीला खाली लटकलेला दुसरा ब्लॉक, यातला कोणता? वहीत स्पष्ट लिहा, "वस्तू: टेबलावरचा ३ किलोचा ब्लॉक". मग पुढची पाच मिनिटं दुसरा ब्लॉक जगात नाही असं समजा, त्याचा संबंध फक्त दोरीच्या ओढीपुरता.

> सावधान: खाली लटकलेल्या ब्लॉकचं वजन टेबलावरच्या ब्लॉकच्या आकृतीत काढू नका. ते वजन लटकलेल्या ब्लॉकवर लागतं. टेबलावरच्या ब्लॉकला फक्त दोरी कळते.

४. एफबीडी: वस्तू एकटी काढा आणि प्रत्येक बाणाला "तुला कोणी लावलं?" विचारा

फ्री बॉडी डायग्राम म्हणजे प्रश्नातल्या चित्राची कॉपी नाही. टेबल नाही, जमीन नाही, उतार नाही, फक्त एक ठिपका किंवा चौकोन आणि त्यातून निघणारे बाण. बाण काढायचा क्रम ठरवून टाका:

आधी वजन, सरळ खाली. उतार असला तरी सरळ खाली, उताराला काटकोनात नाही. मग वस्तूभोवती बोट फिरवा आणि तिला कोण कोण चिकटलंय ते मोजा. जमीन चिकटली असेल तर नॉर्मल, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला ढकलतो तो फोर्स, पृष्ठभागाला काटकोनात. पृष्ठभाग रफ असेल तर फ्रिक्शन, पृष्ठभागाला समांतर. दोरी असेल तर टेन्शन, वस्तूपासून लांब जाणारा बाण, कारण दोरी ओढते, ढकलत नाही. हात किंवा दुसरा ब्लॉक टेकला असेल तर त्याचा फोर्स. संपलं. काहीही चिकटलेलं नाही आणि गुरुत्वाकर्षणही नाही असा बाण उरला असेल तर तो खोडा.

"तुला कोणी लावलं?" या प्रश्नाला उत्तर नसलेले तीन पाहुणे नेहमी घुसतात. एक, "गतीचा फोर्स", त्याचं वर बोलून झालं. दोन, मास गुणिले ॲक्सिलरेशन हा बाण, हा फोर्स नाहीच, सगळ्या फोर्सची बेरीज केल्यावर जे येतं ते हे, समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला. तीन, गोल फिरणाऱ्या वस्तूवर काढलेला वेगळा सेंट्रिपेटल (केंद्राकडे ओढणारा) फोर्स. दोरीला दगड बांधून फिरवला तर दोरीचं टेन्शनच ते काम करतं, वेगळा बाण काढलात की एकच फोर्स दोनदा मोजला.

इथेच तिसऱ्या नियमाची पण गल्लत होते. पुस्तक टेबलावर आहे, वजन खाली, नॉर्मल वर, दोन्ही सारखे, म्हणून मुलं लिहितात ही ॲक्शन-रिॲक्शनची जोडी. नाही. ही जोडी कधीच एका वस्तूवर नसते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. एका एफबीडीत जोडीतले दोन्ही बाण आले तर आकृती चुकलीच.

५. अक्ष निवडा, प्लस कुठे ते लिहा

सपाट जमिनीवर आडवा-उभा अक्ष. उतारावर अक्ष वाकडे करा, एक उताराच्या दिशेने, एक त्याला काटकोनात, कारण वस्तू उताराच्याच दिशेने घसरणार आणि दुसऱ्या अक्षावर ॲक्सिलरेशन शून्य मिळणार. मग वजनाचे दोन तुकडे होतात, उताराच्या दिशेने वजन × साइन आणि काटकोनात वजन × कॉस.

साइन कुठे आणि कॉस कुठे हे पाठ करू नका, उतार मनात सपाट करून बघा. कोन शून्य झाला तर वस्तू घसरणार नाही, म्हणजे घसरवणारा तुकडा शून्य व्हायला हवा, आणि साइन शून्य हा शून्य असतो. झालं, उताराच्या दिशेला साइन. परीक्षेत डोकं बंद पडलं तरी हे दहा सेकंदात होतं.

> चेक: तुकडे काढल्यावर मूळ वजनाचा बाण रेघ मारून बाद केला का? तुकडेही मोजले आणि वजनही मोजलं असं मी दर आठवड्याला कुठल्यातरी वहीत बघते.

६. आता समीकरण, आणि काटकोनातलं आधी

नेट फोर्स = मास × ॲक्सिलरेशन, दोन अक्षांची दोन समीकरणं, वेगवेगळी. ज्या अक्षावर हालचाल नाही तो आधी सोडवा कारण नॉर्मल तिथून मिळतो आणि घर्षणाला नॉर्मल लागतो.

हे एका गणितात नीट बघूया. २० किलोची पत्र्याची पेटी जमिनीवर आहे. तिला दोरी बांधून ८० न्यूटनने ओढतोय, दोरी जमिनीशी ३० अंश वर. स्थितिक घर्षणाचा (वस्तू हलायच्या आधीच्या) म्यू, म्हणजे घर्षणांक, ०.४, गतिज घर्षणाचा (वस्तू घसरतानाच्या) ०.३. पेटी हलेल का, आणि हलली तर ॲक्सिलरेशन किती?

माझ्याकडच्या एका मुलाने हे सोडवलं होतं, अक्षर मोत्यासारखं, फॉर्म्युले चौकटीत. त्याने लिहिलं: नॉर्मल = वजन = २००. जास्तीत जास्त स्थितिक घर्षण ०.४ × २०० = ८०. ओढ ८० × कॉस ३० = ६९.३. ओढ कमी, म्हणून पेटी हलणार नाही. सगळं तर्काला धरून वाटतं ना? चूक पहिल्या ओळीत आहे.

दोरी वर झुकलेली आहे, म्हणजे ती पेटीला थोडी उचलतेय पण. उभ्या अक्षावर तीन फोर्स आहेत: वजन २०० खाली, नॉर्मल वर आणि दोरीचा उभा तुकडा ८० × साइन ३० = ४० वर. पेटी वर-खाली हलत नाही, म्हणून नॉर्मल = २०० − ४० = १६०. आता स्थितिक घर्षणाची कमाल ०.४ × १६० = ६४. आडवी ओढ ६९.३, म्हणजे पेटी हलते! हलायला लागल्यावर गतिज घर्षण ०.३ × १६० = ४८. नेट फोर्स ६९.३ − ४८ = २१.३, भागिले २०, ॲक्सिलरेशन साधारण १.०७ मी/से².

एका ओळीत चूक झाली आणि हलणारी पेटी जागच्या जागी बसली. नॉर्मल हा वजनाएवढा असतो असा कुठलाही नियम नाही, तो दर वेळी समीकरणातून काढायचा असतो.

आता हीच पेटी दोरीऐवजी मागून ढकला, तेवढाच ८० न्यूटन, तेवढाच ३० अंश पण खालच्या दिशेने. नॉर्मल २०० + ४० = २४०, घर्षणाची कमाल ९६, आडवा फोर्स तोच ६९.३. पेटी हलत नाही. घरात जड पेटी सरकवताना वाकून ढकलण्यापेक्षा कडी धरून वर ओढणं सोपं जातं ते ह्याच्यामुळे, करून बघा, हाताला फरक कळतो.

७. घर्षण: आधी हलतंय का ते विचारा

घर्षण = म्यू × नॉर्मल हे डोळे झाकून लिहू नका. स्थितिक घर्षणासाठी ती फक्त कमाल मर्यादा आहे. वरच्याच पेटीला सरळ आडवं १० न्यूटनने ढकललं तर घर्षण १० न्यूटन, ८० नाही. ८० असतं तर पेटी उलट तुमच्याच अंगावर आली असती.

क्रम असा: घर्षण सोडून बाकी फोर्स किती आहे तो काढा, कमाल काढा, तुलना करा. बाकी फोर्स कमी असेल तर पेटी स्थिर आणि घर्षण त्या फोर्सएवढंच. जास्त असेल तर गतिज म्यू घ्या आणि पुढे चला.

दिशेबद्दल एक सांगते, घर्षण नेहमी "गतीच्या विरुद्ध" असं लिहू नका. ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरू नयेत म्हणून लागतं. टेम्पोत मागे पेटी ठेवलीय आणि टेम्पो पुढे स्पीड घेतोय, पेटी पण टेम्पोबरोबर पुढे चाललीय, तिला पुढे कोण ढकलतंय? टेम्पोच्या फळीचं घर्षण, आणि ते पुढच्याच दिशेने आहे.

८. दोन वस्तू: दोन आकृत्या, दोन समीकरणं

स्मूथ टेबलावर ३ किलोचा ब्लॉक, पुलीवरून लाइट दोरी, खाली २ किलोचा ब्लॉक लटकलाय. दहातली सहा मुलं टेन्शन = २० न्यूटन लिहून टाकतात, कारण खाली २ किलो लटकलंय.

लटकलेल्या ब्लॉककडे एकट्याकडे बघा. खाली वजन २०, वर टेन्शन. टेन्शन पण २० असेल तर नेट फोर्स शून्य, मग सोडल्यावर तो खाली येईलच कसा? म्हणून टेन्शन २० पेक्षा कमीच असलं पाहिजे.

लटकलेला ब्लॉक, खालची दिशा प्लस: २० − टेन्शन = २ × ॲक्सिलरेशन.
टेबलावरचा ब्लॉक, पुलीकडची दिशा प्लस: टेन्शन = ३ × ॲक्सिलरेशन.
बेरीज केली की टेन्शन उडतं, २० = ५ × ॲक्सिलरेशन, म्हणजे ४ मी/से², आणि टेन्शन १२ न्यूटन.

> चेक: ॲक्सिलरेशन १० पेक्षा कमी आलं? यायलाच हवं, दोरीने अडवलेला ब्लॉक मोकळ्या पडणाऱ्यापेक्षा जोरात खाली जाणार नाही. टेन्शन शून्य आणि २० च्या मध्ये आहे? मग पुढे चला.

९. ॲक्सिलरेशन मिळालं, आता गतीची समीकरणं

पहिली अट, ॲक्सिलरेशन पूर्ण वेळ तेच राहिलं पाहिजे. मधेच बदललं तर गणिताचे तुकडे करा, पहिल्या तुकड्याची शेवटची व्हेलॉसिटी ही दुसऱ्याची सुरुवातीची.

ह्यातला सापळा दाखवते. बस ७२ च्या स्पीडने, म्हणजे २० मी/से, चाललीय आणि ब्रेक लागल्यावर ४ मी/से² ने मंदावते. ८ सेकंदात किती अंतर जाईल? समीकरणात टाकलं की १६० − १२८ = ३२ मीटर येतं. पण बस तर पाचव्या सेकंदाला थांबली, ५० मीटरवर! पुढचे तीन सेकंद समीकरणाने बसला रिव्हर्समध्ये १८ मीटर मागे आणलं. ब्रेकमुळे लागणारं घर्षण बस थांबल्यावर तिला मागे ढकलत नाही. म्हणून ब्रेकच्या गणितात आधी थांबायची वेळ काढा. वर फेकलेल्या बॉलला ही भीती नाही, तो टोकाला पोचला तरी गुरुत्वाकर्षण चालूच असतं आणि तो खरंच मागे येतो, तिथे एकच समीकरण पूर्ण प्रवासाला चालतं.

पण बॉलच्या बाबतीत चिन्हं सांभाळा. ४० मीटर उंच गच्चीवरून बॉल १० मी/से ने सरळ वर फेकला, जमिनीवर कधी पडेल? वर प्लस धरलं तर व्हेलॉसिटी +१०, ॲक्सिलरेशन −१०, आणि डिस्प्लेसमेंट −४०, कारण बॉल शेवटी सुरुवातीच्या खाली आहे. वेळ ४ सेकंद येतो. डिस्प्लेसमेंट +४० टाकलं तर वर्गमुळात मायनस येतो आणि मुलं म्हणतात गणितच चुकीचं दिलंय. गणित बरोबर आहे, तुम्ही बॉलला ४० मीटर वर चढवायला निघालात आणि तो तर ५ मीटर वरच थांबतो.

१०. उत्तराखाली रेघ मारायच्या आधी

युनिट लिहा. चिन्ह बघा, मायनस आलं म्हणजे चूक असं नाही, तुम्ही धरलेल्या दिशेच्या उलट एवढाच अर्थ. पण घर्षणाच्या गणितात ॲक्सिलरेशन मायनस आलं तर सावध व्हा, दिशा उलटी धरली असेल तर घर्षणाचा बाणही उलटा करून परत सोडवावं लागतं, नुसतं चिन्ह बदलून चालत नाही. मग आकडा टोकाला नेऊन बघा: घर्षण शून्य केलं तर, कोन ९० केला तर, एक मास खूप मोठं केलं तर उत्तर पटतंय का.

शेवटी लिफ्ट, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या तिथे एकदम कामाला लागतात. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वर चाललीय पण २ मी/से² ने मंदावतेय. काटा काय दाखवेल? "वर चाललीय म्हणजे जास्त" असं पटकन लिहितात. वस्तू: माणूस. बाण दोनच: वजन ६०० खाली, नॉर्मल वर. ॲक्सिलरेशनची दिशा? वर जाताना स्पीड कमी होतेय, म्हणजे ॲक्सिलरेशन खाली. ६०० − नॉर्मल = ६० × २, नॉर्मल ४८०, काटा ४८ किलो दाखवेल. लिफ्ट कुठे चाललीय याने काही ठरत नाही, ॲक्सिलरेशन कुठे आहे त्याने ठरतं.

प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला काटा घरात असेल तर १० किलोची बॅग अडकवून बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जा. आकडा लॉक होणारा डिजिटल काटा नको, काटा फिरणारा किंवा स्प्रिंगचा घ्या. लिफ्ट वर निघताना तो क्षणभर पुढे सरकेल, मधल्या मजल्यांवर परत दहावर येईल आणि थांबायच्या आधी दहाच्या खाली उतरेल. बॅग हलू देऊ नका, हात अंगाला टेकवून धरा, आणि तिन्ही वेळची एफबीडी आधी घरी काढून मगच लिफ्टचं बटण दाबा.